नेमकं पाहा, नेमकं सांगा: वर्गातल्या कौतुकाची पहिली पावलं

नव्या शिक्षकाला एक सल्ला हमखास मिळतो: मुलांना प्रोत्साहन द्या. सल्ला खरा आहे, पण प्रोत्साहन द्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, कोणाला, कधी, किती मोठ्या आवाजात, हे सहसा कोणी सांगत नाही. मग दिवसभर ‘शाब्बास’, ‘छान’, ‘व्हेरी गुड’ तोंडातून निघत राहतं आणि महिन्याभराने पाहावं तर हात वर करणारी तीच चार-पाच मुलं, मागच्या बाकांवरची तशीच गप्प.

पहिल्यांदाच वर्ग हातात आलेल्या शिक्षकांसाठी हा लेख आहे. शाळेबाहेर मुलांचे गट चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. त्याने चार उगम सांगितले: स्वतः करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्या कोणाला ते जमताना पाहणं, दुसऱ्याने शब्दांनी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीरमनाची अवस्था, म्हणजे धडधड, भीती, थकवा. यांत सगळ्यांत जोरकस पहिला. शब्दांचा धीर एकट्याने फार दिवस पुरत नाही. म्हणून वर्गात काम करणारं कौतुक बहुतेक वेळा मुलाने नुकतंच जे करून दाखवलं त्याकडे बोट दाखवतं. मुलाला स्वतःचं यश कित्येकदा दिसतच नाही. दहापैकी चार गणितं चुकली एवढंच त्याला दिसतं. सहा बरोबर आली आणि गेल्या आठवड्यात तीनच आली होती, हे दाखवायला मोठं माणूस लागतं.

आणि दाखवायचं तर ते आधी आपल्याला दिसायला हवं. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

१. पहिला आठवडा: फक्त नोंदी

या आठवड्यात कौतुक वाढवायच्या मागे लागू नका. हजेरीच्या यादीची एक प्रत घ्या आणि रोज वर्ग सुटल्यावर पाच-दहा मिनिटं ती घेऊन बसा. प्रत्येक नावासमोर त्या मुलाने आज केलेली आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लिहा. ‘हुशार’, ‘शांत’, ‘मस्तीखोर’ असलं काही नको. ‘उत्तर खोडून पुन्हा मांडलं.’ ‘शेजारणीला पट्टी दिली आणि रेषा कुठून काढायची तेही दाखवलं.’ ‘विचारताना आवाज कापत होता, तरी प्रश्न विचारला.’ अशा नोंदी हव्यात.

पहिल्या दिवशी यादीतली बरीच नावं कोरी राहतील. सगळ्यांचंच तसं होतं. दुसऱ्या दिवसापासून नजर आपोआप त्या कोऱ्या नावांकडे वळायला लागते. आठवडा संपताना जी नावं तरीही कोरी आहेत, ती तुमची पुढच्या आठवड्याची मुलं. ती बहुधा मधली असतात: अभ्यासात पुढे नाहीत आणि मागेही नाहीत, त्रास देत नाहीत आणि चमकतही नाहीत. पालकसभेत त्यांच्याबद्दल ‘काही तक्रार नाही’ एवढंच सांगितलं जातं. ती कुठे बसतात तेही पाहा. एखाद्या कोपऱ्याकडे आपली पावलं कधी वळतच नाहीत, हे यादीवरून लगेच कळतं.

दुर्लक्षाची किंमत किती असते, हे फार जुन्या एका प्रयोगात दिसलं आहे. एलिझाबेथ हरलॉक यांनी १९२५ साली मुलांना सलग काही दिवस बेरजेच्या चाचण्या दिल्या. एका गटाचं वर्गासमोर कौतुक केलं, दुसऱ्याला वर्गासमोर दोष दिला, तिसऱ्याला काहीच म्हटलं नाही. त्या मुलांनी इतरांचं कौतुक आणि बोलणी फक्त ऐकली. कौतुक झालेला गट पुढे जात राहिला. बोलणी खाल्लेला गट आधी थोडा सुधारला आणि मग घसरला. ज्यांच्याकडे कोणी पाहिलंच नाही, त्यांची प्रगती या तिघांत सगळ्यांत कमी झाली. प्रयोग शंभर वर्षांपूर्वीचा आहे, पण कोऱ्या नावांची यादी समोर असली की तो मला आठवतोच.

याच आठवड्यात आणखी एक नोंद ठेवा. एका कागदावर दोन रकाने करा: किती वेळा चांगलं म्हटलं आणि किती वेळा टोकलं. रोज एकच तास मोजा, पुरे. मोजताना अभ्यासाबद्दलचं बोलणं आणि वागण्याबद्दलचं बोलणं वेगळं धरा. मेरी ॲलिस व्हाइट यांनी १९७५ साली शिक्षकांच्या अशा निरीक्षणांचा आढावा घेतला, तेव्हा अभ्यासाच्या बाबतीत कौतुक जास्त निघालं, पण वागण्याच्या बाबतीत जवळजवळ सगळं टोकणंच. तुमच्या कागदावरही तेच दिसण्याची शक्यता खूप आहे. मूल नीट बसलं तर कोणी काही म्हणत नाही, हललं की लगेच नाव घेतलं जातं.

२. काय टिपायचं

मुलाच्या हातात जे आहे ते. जन्माने मिळालेलं, नशिबाने झालेलं किंवा घरच्यांनी करून दिलेलं याचं कौतुक केलं, तर मुलाला ते पुन्हा करता येत नाही.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग यासाठी पाहण्यासारखे आहेत. मुलांनी काही कोडी सोडवली. मग काहींना सांगितलं, ‘तू यात हुशार असणार’, तर काहींना, ‘तू खूप मेहनत घेतली असणार.’ नंतर मुद्दाम अवघड कोडी दिली. तिथे अडखळल्यावर ‘हुशार’ म्हटलेल्या मुलांना कोड्यांत मजा वाटेनाशी झाली, ती लवकर कंटाळली, आणि पुढच्या सोप्या कोड्यांतही त्यांची कामगिरी खाली आली. आपले गुण दुसऱ्या मुलांना लिहून कळवायचे होते, तेव्हा या गटातल्या ३८ टक्के मुलांनी ते खोटे लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्या गटात हे प्रमाण १३ टक्के होतं. पुढे इतरांनी केलेल्या प्रयोगांत फरक दर वेळी इतका ठळक आला नाही, हेही सांगायला हवं. पण त्यामागचं कारण वर्गात रोज अनुभवाला येतं. ज्याला ‘हुशार’ म्हटलं आहे, त्याला चूक परवडत नाही.

याचा अर्थ ‘मेहनत केलीस’ हे नवं पालुपद करायचं असा मात्र नाही. ज्या मुलाने खूप मेहनत घेतली आणि तरी उत्तर चुकलं, त्याला ‘मेहनत तर केलीस ना’ हे सांत्वन वाटतं, आणि सांत्वनातून मूल एवढंच ओळखतं की आपल्याकडून फार अपेक्षा नाही. नुसत्या मेहनतीपेक्षा मुलाने कोणती रीत वापरली, कुठे मार्ग बदलला, चूक कशी शोधली, मदत कधी मागितली, हे टिपा. सुरुवातीला नजर बसायला पुढची यादी पुरेल:

– चूक स्वतः सापडली आणि दुरुस्त केली
– समजलं नाही, असं मोकळेपणाने सांगितलं
– पहिली रीत चालली नाही म्हणून दुसरी करून पाहिली
– दुसऱ्याचं म्हणणं पूर्ण ऐकलं, मग आपलं मांडलं
– राग आला, पण हात उगारला नाही
– काल अर्धवट राहिलेलं आज आठवणीने पूर्ण केलं
– मत चुकीचं निघालं तेव्हा ते बदललं

तुलना करायचीच तर त्या मुलाची कालच्या त्याच मुलाशी करा. शेजारच्याशी कधीच नको. ‘बघा, सगळ्यांनी हिच्यासारखं अक्षर काढा’ या वाक्याने कोणाचंच भलं होत नाही. बाकीच्यांना कमीपणा येतो आणि जिचं नाव घेतलं ती मधल्या सुट्टीत एकटी पडते.

आणखी एक तपासून पाहा. मुलींचं कौतुक टापटिपीचं, शांतपणाचं, सुंदर अक्षराचं, आणि मुलग्यांचं डोक्याचं, धाडसाचं, असं होतंय का? नोंदवहीची दोन पानं वाचली तरी कळेल. मुलगी वाद घालून आपला मुद्दा पटवते आणि मुलगा छोट्या भावंडाची समजूत काढतो, तेही टिपलं गेलं पाहिजे.

३. वाक्य कसं बांधायचं

दुसऱ्या आठवड्यापासून बोलायला लागा. वाक्यात दोन गोष्टी असाव्यात: मी काय पाहिलं, आणि त्यामुळे काय झालं. एवढंच. काही नमुने देतो.

‘छान निबंध’ याऐवजी: ‘आजी आली असं लिहिण्याआधी तू तिच्या काठीचा आवाज लिहिलास. ती दिसायच्या आधीच मला कळलं, कोण येतंय.’

‘किती हुशार आहेस’ याऐवजी: ‘पहिल्या रीतीने अडलं तेव्हा तू आकृती काढून पाहिलीस. तिथूनच उत्तर सुटलं.’

‘गुड बॉय’ याऐवजी: ‘गटात भांडण सुरू झालं तेव्हा तू म्हणालास, आधी एकेकाचं ऐकू. मग काम पुढे गेलं.’

‘प्रगती आहे’ याऐवजी: ‘गेल्या महिन्यात तू प्रत्येक ओळीला थांबत होतीस. आज अख्खा परिच्छेद न अडता वाचलास.’

ही वाक्यं पाठ करून वापरू नका. मुलं लगेच ओळखतात. सुरुवातीला बोलताना अवघडल्यासारखं होईल, पण नोंदवही भरत असली तर शब्द आपोआप सुचतात, कारण मग आठवून बोलायचं असतं, शोधून नव्हे.

आवाज रोजचाच ठेवा. हात वर करून, डोळे मोठे करून ‘वा वा’ करायची गरज नाही. गोष्ट घडली की लगेच सांगा, मुलाच्या उंचीला झुकून सांगा, आणि पुढे जा. त्याच्या चेहऱ्यावरची प्रतिक्रिया पाहायला थांबू नका.

आता सगळ्यांत मोठ्या मोहाबद्दल. खचलेलं मूल समोर असलं की शब्द फुगतात: ‘अप्रतिम! असं चित्र तर मी कधी पाहिलंच नाही!’ हेतू चांगलाच असतो. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच तपासलं. मोठी माणसं आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांचं असं फुगवलेलं कौतुक जास्त करतात, हे त्यात दिसलं. आणि ज्या मुलांना स्वतःबद्दल आधीच कमी वाटत होतं, त्यांनी ‘अतिशय सुंदर’ ऐकल्यानंतर पुढचं काम सोपं निवडलं; साधं ‘सुंदर’ ऐकल्यावर तसं झालं नाही. कारण समजण्यासारखं आहे. इतकं मोठं कौतुक झालं की दर वेळी तितकंच चांगलं करावं लागेल, ही धास्ती बसते. म्हणून ज्या मुलाला धीराची सगळ्यांत जास्त गरज आहे, त्याच्याशी बोलताना विशेषणं सगळ्यांत कमी वापरा. ‘आभाळाला तू तीन वेगळे निळे वापरलेस’ हे त्याला पेलतं. ते खरं असल्याचं त्याला चित्राकडे पाहून तपासताही येतं.

शेवटी ‘पण’ लावू नका. ‘छान लिहिलंस, पण अक्षर बघ’ यातलं मुलाच्या कानात राहतं ते अक्षर. सुधारणा सांगायचीच आहे, ती थोड्या वेळाने, वेगळं वाक्य म्हणून सांगा. आणि टोमणा तर नकोच. ‘आज बरा वेळेवर आलास’ हे कौतुक नाही, कालचा हिशेब आहे.

४. चारचौघांत की एकट्याला

लहान वर्गांतल्या बहुतेक मुलांना सगळ्यांसमोर नाव घेतलेलं आवडतं. वय वाढतं तसं हे बदलत जातं. किशोरवयात वर्गासमोरचं कौतुक कित्येकांना शिक्षेसारखं वाटतं, कारण मग मित्र चिडवतात. लाजरी मुलं कोणत्याही वयात अशा वेळी आक्रसून जातात.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा विचारा. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: ‘तुझं काही चांगलं दिसलं तर मी ते कसं सांगावं? सगळ्यांसमोर, हळूच येऊन, वहीत लिहून, की घरी कळवून?’ एका खुणेचं काम. मुलं फार प्रामाणिक उत्तरं देतात आणि आपल्याला असं विचारलं गेलं याचंच काहींना अप्रूप वाटतं. मध्ये कधीतरी पुन्हा विचारा, उत्तरं बदलतात.

५. जमण्याची संधी आधी द्यावी लागते

काही मुलांच्या नावासमोर दोन-दोन आठवडे काहीच लिहिता येत नाही, कारण वर्गात त्यांना काही करून दाखवायची वेळच येत नाही. तिथे कौतुकाच्या शोधात फिरण्यापेक्षा तासाची आखणी बदला.

सगळ्यांत स्वस्त बदल म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतल्या संवादांचं मोजमाप केलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबत होते. ती वेळ तीन सेकंद किंवा जास्त केली तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, आणि एरवी मागे समजली जाणारी मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद वर्गासमोर फार लांब वाटतात. मनात मोजा. पटकन वर आलेल्या हातांना खुणेने थांबवा.

दुसरा उपाय पूर्वतयारीचा. गप्प मुलाला वहीत बरोबर उत्तर आलेलं दिसलं की हळूच सांगा, ‘हे तुझं बरोबर आहे. पाच मिनिटांनी मी हाच प्रश्न विचारणार आहे, सांगशील?’ नाही म्हणालं तर सोडून द्या, आठवड्याने पुन्हा विचारा. हो म्हणालं आणि सांगितलं, तर तो अनुभव कुठल्याही शब्दापेक्षा मोठा. जबाबदाऱ्याही यासाठीच वाटायच्या असतात. वर्गातली कामं नेहमी चुणचुणीत मुलांकडेच जातात. फळ्यावर तारीख लिहिणं, झाडांना पाणी, नव्या मुलाला शाळा दाखवणं, साहित्य मोजून परत ठेवणं ही कामं कोऱ्या नावांकडे वळवा. मात्र काम खरं असावं. न झालं तर कोणाचं काहीच अडणार नाही अशा कामातून मूल मोठं होत नाही.

६. वहीतला शेरा

रूथ बटलर यांनी १९८८ साली तीन प्रकार ताडून पाहिले: फक्त गुण, फक्त त्या मुलासाठी लिहिलेला शेरा, आणि दोन्ही एकत्र. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं काम आणि कामातला रस दोन्ही वर राहिले. गुण आणि शेरा एकत्र दिल्याने तो फायदा मिळाला नाही. आकडा दिसला की डोळे आकड्यावरच थांबतात. परीक्षेच्या पेपरात गुण टाळता येत नाहीत, पण रोजच्या वहीत येतात. सगळ्या वह्यांत रोज लिहिणं कोणालाच शक्य नाही. दिवसाला पाच-सहा वह्या ठरवा आणि त्यांत एक ओळ बरोबर जमलेल्या जागेबद्दल आणि एक पुढच्या पावलाबद्दल लिहा. मुलाला ती वाचायला वर्गातच दोन मिनिटं द्या. नाहीतर पान उलटलं जातं.

७. तारे, शिक्के, तक्ते

नव्या शिक्षकाला यांचं आकर्षण असतं, आणि थोड्या काळासाठी ते चालतातही. पण १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पाहिलं, तर आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

म्हणून जे मूल आनंदाने करतं आहे त्यावर बक्षीस लावू नका. जिथे सुरुवातच होत नाही तिथे छोटं आमिष तात्पुरतं चालेल, पण ते काढून कधी घेणार हे आधी ठरवा. भिंतीवर सगळ्यांच्या नावांपुढे तारे लावायचा तक्ता मात्र करूच नका, असं मी आग्रहाने सांगेन. वर्षाच्या मध्यावर त्या तक्त्यावर ज्याच्या नावापुढे दोनच तारे असतात, ते मूल रोज वर्गात शिरताना ते वाचतं, आणि वर्गातली बाकीची सगळी मुलंही.

८. सतत टोकावं लागणारं मूल

इथेच सगळ्यात जास्त धीर लागतो. अशा मुलाचं नाव दिवसभरात अनेकदा घेतलं जातं आणि जवळजवळ प्रत्येक वेळी नकाराने. लक्ष वेधून घ्यायचा खात्रीचा मार्ग कोणता, हे त्याने केव्हाच ओळखलेलं असतं.

मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ साली अशाच काही मुलांसोबत शिक्षकांनी काय केल्यावर फरक पडतो हे पाहिलं. नुसते नियम सांगून फारसं काही बदललं नाही. गैरवर्तनाकडे नुसतं दुर्लक्ष करूनही नाही. योग्य वागणं दिसताच ते बोलून दाखवलं आणि किरकोळ खोड्यांकडे काणाडोळा केला, तेव्हा वागण्यात फरक पडला. कोणाला इजा होईल किंवा कोणी दुखावलं जाईल असं वागणं अर्थातच लगेच थांबवायचं. काणाडोळा पेन्सिल वाजवण्याकडे करायचा.

प्रत्यक्षात असं करा. ते मूल सगळ्यात बरं कधी असतं ते नोंदींतून शोधा. बहुधा तासाची पहिली पाच मिनिटं, किंवा हातांनी करायचं काम. त्या वेळेला त्याच्याजवळ असा आणि काही बिघडायच्या आधी एक खरं वाक्य बोलून घ्या. ‘पुस्तक काढून तयार आहेस, चल, सुरू करू.’ बस. दिवसाचा पहिला शब्द चांगला पडणं या मुलांसाठी फार मोलाचं असतं. पहिले काही दिवस फरक दिसणार नाही, उलट ते मूल पारखून पाहील की हे खरं आहे का. तेव्हा माघार घेऊ नका.

कौतुक आणि टोकणं यांचं प्रमाण किती असावं, हा प्रश्न प्रत्येक नवा शिक्षक विचारतो. पॉल काल्डरेला आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ प्राथमिक शाळांतल्या २,५३६ मुलांची निरीक्षणं होती. टोकण्याच्या तुलनेत कौतुक जितकं जास्त, तितकी मुलं कामात जास्त गुंतलेली दिसली, पण इथवर पोचलं की पुरे असा ठरावीक टप्पा काही सापडला नाही. तेव्हा आकड्याचा पाठलाग सोडा आणि आपल्या त्या दोन रकान्यांत मागच्या महिन्यापेक्षा फरक पडतोय का, एवढं पाहा.

९. मुलांनी मुलांचं पाहिलेलं

वर्गात दोन-तीन महिने रुळल्यावर हे सुरू करा, आधी नको. एक डबा ठेवा. कोणी आपल्यासाठी किंवा वर्गासाठी चांगलं केलं, तर मुलांनी चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. तुम्ही चिठ्ठ्या आधी वाचायच्या, चिडवाचिडवीच्या बाजूला काढायच्या, आणि आठवड्याला थोड्या वाचून दाखवायच्या. कोणाच्या नावाच्या चिठ्ठ्या कधीच येत नाहीत ते लक्षात ठेवा आणि त्या मुलाला दुसऱ्यांच्या उपयोगी पडायची संधी मिळेल असं गटकाम आखा. त्याच्या नावाची चिठ्ठी स्वतः लिहून टाकू नका. अक्षर ओळखलं जातं.

१०. ‘नाही, ते काही खास नाहीये’

काही मुलं कौतुक परतवून लावतात. खांदे उडवतात, कागद चुरगाळतात, म्हणतात ‘नशिबाने आलं’. घरी किंवा आधीच्या वर्गात त्यांनी स्वतःबद्दल वेगळंच ऐकलेलं असतं, आणि तुमचं वाक्य त्या चित्रात बसत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. ‘असं कसं, छानच आहे’ म्हटलं की ते अजून जोरात नाकारतात. मत न देता विचारा: ‘हे तू कसं केलंस?’ सांगता सांगता मूल स्वतःच आपल्या पायऱ्या मोजतं. किंवा वस्तू दाखवा. जूनमधलं पान आणि आजचं पान शेजारी ठेवा आणि विचारा, काय वेगळं दिसतंय. उत्तर त्यालाच देऊ द्या.

असं मूल महिनोन्महिने स्वतःला नावं ठेवत असेल, खेळातून आणि मित्रांतून अंग काढून घेत असेल, स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर हे कौतुकाने सुटणारं काम नाही. शाळेचे समुपदेशक, मुख्याध्यापक आणि पालक यांना लगेच सोबत घ्या.

११. घरी कळवताना

शिक्षकाचा फोन म्हणजे तक्रार, असंच बहुतेक घरांत धरून चालतात. म्हणून आठवड्याला दोन-तीन घरी फक्त चांगलं कळवा, आणि सुरुवात कोऱ्या नावांपासून आणि सतत टोकलं जाणाऱ्या मुलापासून करा. दोन ओळी पुरतात: ‘आज विज्ञानाच्या तासाला तिचा प्रयोग फसला. तिने तिघींना गोळा करून कारण शोधलं आणि पुन्हा केला.’ त्यात गुण नकोत, सुधारणा नकोत, इतर मुलांची नावं नकोत. काही पालक विचारतील, ‘बरं, मग अडचण काय आहे?’ शांतपणे सांगा, ‘आज अडचण नाही. एवढंच सांगायचं होतं.’

१२. वर्ष संपताना

नोंदवही टाकून देऊ नका. प्रत्येक मुलासाठी तिच्यातल्या तीन नोंदी निवडा, एक वर्षाच्या सुरुवातीची, एक मधली, एक शेवटची, आणि त्या तारखेसह एका कागदावर लिहून मुलाच्या हातात द्या. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर याला आठवडा लागेल. शेवटच्या आठवड्यावर न ठेवता दोन महिने आधी सुरुवात करा. पुढच्या वर्गशिक्षकांसाठी वेगळी टिपणं काढा. त्यांत स्वभावाचे शिक्के नकोत. कोणत्या मुलाला हळूच सांगितलेलं आवडतं, कोणाला प्रश्नाआधी पाच मिनिटं सूचना दिली की बोलता येतं, कोणाची सकाळ कशी सुरू व्हावी लागते, एवढं लिहा. ते टिपण जूनच्या पहिल्या दिवसाआधी त्यांच्या हातात पडेल असं पाहा.